श्श्श! टीव्ही टेप होतोय!

टीव्हीच्या अगदी पुढ्यात मायक्रोफोन ठेवलाय. घरात हुकूम सुटलाय. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, भांडी वाजवायची नाहीत! काय चाललं असेल? ओळख बघू!

अरे, टीव्हीवरचा कार्यक्रम टेप होतोय! पण फक्त आवाज बरं का. चित्र नाहीच!

ही गंमत 1960 नंतरच्या इंग्लंडमधली. 23 नोव्हेंबर 1963 ला बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. तिच्यातला डॉक्टर एका निळ्या खोक्यात बसून कुठल्याही काळात जायचा! मुलं तर वेडीच झाली. पण एखादा भाग चुकला की चुकला. मोबाइल नाही, इंटरनेट नाही.

चित्र टेप करणारं यंत्र नव्हतंच का? होतं की! अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीनं ते 1956 मध्येच आणलं होतं. किंमत माहितेय? सुमारे 50,000 डॉलर! घरात कोण घेणार?

आवाजाचा टेपरेकॉर्डर मात्र काही घरांत असायचा. त्यात दोन रिळं आणि एक लांबच लांब तपकिरी फीत. तो तपकिरी रंग कशाचा, सांग पाहू? लोखंडाच्या गंजासारख्या बारीक पुडीचा! मायक्रोफोन आवाजाची वीज करतो. त्या विजेनं एक छोटंसं चुंबक जागं होतं आणि पुडीच्या कणांवर खुणा उमटवत जातं. म्हणजे आवाज चक्क गंजावर लिहिला जातो!

मग चित्र का नाही लिहायचं? कारण आवाजाची कंपनं सेकंदाला काही हजार. चित्राची मात्र लाखो! बिचारी साधी फीत, तिला एवढा वेग कुठून जमणार?

जॉन क्युरा नावाच्या गृहस्थांनी वेगळीच शक्कल लढवली. टीव्हीचा पडदा समोर ठेवून ते कॅमेऱ्यानं त्याचेच फोटो काढायचे आणि नटनट्यांना विकायचे!

आता खरा धक्का ऐक. बीबीसीनं 'डॉक्टर हू'च्या टेप पुसून टाकल्या! टेप होती महाग. म्हणून शाळेतला फळा पुसून नवा धडा लिहावा, तसा जुन्या टेपवर नवा कार्यक्रम! फिल्मवरच्या कितीतरी प्रतीही टाकून दिल्या. नव्वदहून जास्त भागांचं चित्र असं हरवलं.

आणि आवाज? एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज आज शिल्लक आहे! बीबीसीच्या कपाटात नव्हे हं, प्रेक्षकांच्या घरी! याच मालिकेतली 1966 मधली 'पॉवर ऑफ द डेलेक्स' ही हरवलेली गोष्ट बरोबर 50 वर्षांनी, 2016 मध्ये, कार्टून होऊन परत आली. चित्रं नवी, पण आवाज त्याच जुन्या नटांचे!

नुसत्या आवाजाच्या सीडीसुद्धा निघाल्या. पण पडद्यावर कुणी गुपचूप चालत असेल, तर ऐकणाऱ्याला कळणार कसं? म्हणून अशा जागी निवेदन घातलं.

आज तूही करून बघ. आवडता कार्यक्रम लागला की डोळे घट्ट मिट आणि नुसता ऐक. कोण आलं, कोण पळालं, काय पडलं, किती ओळखता येतं ते मोज. आणि हो, घरातल्यांना आधी गप्प बसवायला विसरू नकोस!