परदेशी पंगत (भाग ९) : एक रस्ता, तीन दुकानं

मागच्या आठवड्यात बेगल झाला. आज न्यूयॉर्कमध्येच, लोअर ईस्ट साइडला, ईस्ट हाउस्टन स्ट्रीटवर जाऊ. इथे चालत पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यात तीन जुनी दुकानं आहेत: कॅट्झचं डेली, रस अँड डॉटर्स आणि योना शिमेलची निश बेकरी. तिन्ही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या खाण्याची. मग पास्त्रामी (खारवून धुरी दिलेलं गोमांस) एकीकडे, खारवलेला सामन मासा दुसरीकडे, निश (सारण भरून भाजलेला पिठाचा गोळा) तिसरीकडे असं का?

कारण कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेल्या, स्वयंपाकात मांस आणि दूध एकत्र येत नाही. एका पानात नाही, एका पातेल्यातही नाही. मासा मात्र मांसात मोडत नाही, तो दुधाच्या पंगतीला चालतो. म्हणून डेली, म्हणजे तयार खाण्याचं दुकान, मांसाचं झालं आणि सामन, हेरिंग, क्रीम चीज विकणारी दुकानं निराळी निघाली. रस अँड डॉटर्स हे त्यातलंच, १९१४ पासूनचं. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी हाच नियम नारळाच्या दुधावर निभावला. मटणाच्या जेवणावर गोड करायचं तर नारळाच्या दुधात.

निश या वाटणीत मजेत राहते. बटाट्यात कांदा तेलावर परतून घातला की ती दोन्हीकडे चालते. तोच कांदा कोंबडीच्या चरबीत परतला की ती मांसाच्या बाजूला गेली, आणि चीज भरलं की दुधाच्या. शिमेलकडे चीजची निश मिळते, ती याच हिशेबाने. तिथे मांस नाही.

योना शिमेल रुमानियाहून आलेला. १८९०च्या सुमारास हातगाडीवर निश विकायचा. सध्याचं दुकान १९१०चं. भट्टी तळघरात आहे आणि गरम माल छोट्या पाळण्यातून वर येतो. पीठ ताणून ताणून इतकं पातळ करतात की खालचा हात दिसावा. त्यात सारण गुंडाळायचं आणि गोल आकार देऊन भाजायचं. हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. आत बटाटेवड्याची भाजीच म्हणा, पण हळद, आलं, मिरची वजा करून: तांबूस कांदा, मीठ, मिरपूड. नुसती खाल्ली तर मराठी जिभेला सपक वाटेल. मोहरीचा सॉस ओता, मग बोला. दुसरं सारण काशाचं, म्हणजे भाजलेल्या कुट्टूचं. त्याचा खरपूस, किंचित कडसर वास मला बटाट्यापेक्षा आवडतो.

१८८१ ते १९२४ या काळात वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यातले कितीतरी याच भागातल्या कोंदट खोल्यांत राहून कपडे शिवत होते. काही पैशांत पोट भरणारी, उभ्याउभ्या खाता येणारी निश त्यांच्या सोयीची होती. पुढे कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर चौकोनी, तळलेली निश लोकप्रिय झाली. ती गाबिला कंपनीची. २०१३मध्ये त्यांच्या कारखान्याला आग लागली आणि शहरभरच्या डेलींत महिनोनमहिने चौकोनी निशचा दुष्काळ पडला. जुने खवय्ये तिला निश मानायलाच तयार नसतात, ती गोष्ट वेगळी.

आता कॅट्झ. १८८८चं. दारातच एक चिठ्ठी हातात देतात; जे घ्याल ते तिच्यावर लिहिलं जातं. रांगेत उभं राहिलं की कापणारा वाफाळत्या पास्त्रामीचा एक तुकडा चाखायला बशीत ठेवतो. गोमांस खारात मुरवलेलं, बाहेरून धणे-मिरीचा जाड थर, मग धुरी आणि शेवटी वाफ. इतकं मऊ की हातानेच कापावं लागतं. सोबत राय ब्रेड आणि मोहरी. मेयोनेज मागणाऱ्याकडे तिथे दयेने पाहतात. गंमत म्हणजे कॅट्झ कोशर नाही: त्याच फळीवर चीज घातलेलं रूबेन सँडविचही मिळतं. नियमातून जन्मलेलं दुकान नियम सोडूनही ज्यू डेलीच राहिलं.

पास्त्रामीबरोबर अख्खी निश मागवू नका, दोघांत एक पुरते. आणि ती चिठ्ठी जपा. काही खाल्लं नसलं तरी बाहेर पडताना परत द्यावी लागते, हरवली तर दंड. टेबलावर येणाऱ्या काकडीच्या लोणच्याला आज जागा उरली नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्यापासूनच सुरुवात.