कडेवर बाळ, समोर ट्रे

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीची सगळी मांडणी दोन्ही हात मोकळे असलेला एकटा प्रौढ प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. त्याने ट्रे घ्यावा, लॅपटॉप, मोबाइल, पाकीट, कमरेचा पट्टा काढून त्यात ठेवावा, चौकटीतून जावे, हात पसरून अंगझडती द्यावी आणि पलीकडे सामान उचलून चालू लागावे. कडेवर तान्हे बाळ आणि बोटाला धरलेले चार वर्षांचे मूल असलेल्या आईला हेच सारे एका हाताने करावे लागते. उशीर होतो तो तपासणीपेक्षा या मांडणीमुळे. त्यामुळे तपासणीत कसलीही ढिलाई न करता कुटुंबांचा त्रास कमी करता येतो, आणि तो करायला हवा.

पालकांची पहिली धास्ती यंत्रांची असते. क्ष-किरण असतात ते बॅगांच्या यंत्रात. माणसे जातात त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीत फक्त क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. धातू जवळ आला की ते बदलते आणि यंत्र वाजते. तान्ह्या बाळाला किंवा गरोदर बाईला त्यातून अपाय होत नाही. बॅगेच्या यंत्रातून गेलेले दूध किंवा भातही बिनधास्त भरवता येतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी मोठ्यांना हात वर करून स्कॅनरमध्ये स्थिर उभे राहावे लागते. मूल कडेवर घेऊन ते शक्य नसल्याने अशा पालकांना साध्या चौकटीतून पाठवतात. बाळ कॅरिअरमध्ये छातीशी बांधलेले असेल तर तिथे बहुधा ते न उतरवता जाता येते. मग पालकाच्या तळहातांवरून एक पट्टी फिरवून ती स्फोटकांच्या अंशासाठी तपासतात. भारतात मात्र कॅरिअर बहुतेक वेळा काढून सामानाच्या पट्ट्यावर ठेवायला सांगतात.

सर्वाधिक गोंधळ दुधाचा होतो. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला आणि ब्रिटनमध्ये हातातल्या सामानातून द्रवपदार्थ नेण्यावर एका रात्रीत बंदी आली. बाळाच्या दुधाला सूट होती, पण ते आईवडिलांनी अधिकाऱ्यांसमोर चाखून दाखवायचे होते. पुढे या बंदीची जागा 100 मिलीलीटरच्या मर्यादेने घेतली. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती आजही बहुतेक ठिकाणी पाळली जाते. मोजले जाते ते बाटलीचे माप, आतला द्रव नव्हे. 200 मिलीलीटरची अर्धी भरलेली बाटलीही अडते. आईचे दूध, डब्याचे दूध, बाळाचे पातळ अन्न यांना प्रवासापुरती सवलत मिळते. बाळाचे तेल आणि लोशन त्यात बसत नाही.

सवलत सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत काढून ठेवलेले आईचे दूध गोठवलेले असले तरी चालते, सोबत बाळ नसले तरी चालते, आणि ते थंड ठेवणारे बर्फाचे पॅकही नेता येतात. ब्रिटनमध्येही बाळाशिवाय आईचे दूध नेता येते, पण गोठवलेले दूध हातातल्या बॅगेत चालत नाही. या बाटल्या बाकीच्या सामानाखाली न दडपता वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात आणि रांगेत आधीच सांगाव्यात, म्हणजे बॅग उलटीपालटी होत नाही. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजीच्या बॅगेत नाचणीचे सत्त्व हमखास असते. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 350 मिलीलीटरहून अधिक पावडरची कसून तपासणी होते आणि ती केबिनमध्ये नाकारलीही जाऊ शकते. बाळाच्या डब्याच्या दुधाला यातून सूट आहे, पण घरच्या सत्त्वाच्या पुडीवर तसे काही छापलेले नसते. ते चेक-इनच्या बॅगेत घालावे.

भारतातली मोठी अडचण वेगळी आहे. इथे बायकांची अंगझडती पडद्याआड महिला जवान घेतात आणि पुरुषांची रांग वेगळी असते. ही पद्धत योग्यच आहे, पण तिच्यामुळे नेमक्या क्षणी आईबाबांची ताटातूट होते, आणि सगळ्यांचे सामान मात्र एकाच पट्ट्यावरून येते. म्हणून कोण आधी जाणार, हे रांगेत शिरण्यापूर्वी ठरवलेले बरे. एकाने मोकळ्या हाताने पुढे जाऊन ट्रे ताब्यात घ्यावेत; दुसऱ्याने मुलांना घेऊन मागून यावे. झडती मुलांचीही होते, पालकाच्या कडेवर किंवा शेजारी. चार-पाच वर्षांच्या मुलाला घरीच सांगून ठेवावे की लाडके अस्वल त्या बोगद्यातून जाईल आणि पलीकडे परत मिळेल. खेळण्यातली बंदूक घरीच राहू द्यावी. बाबागाडीतून बाळाला उचलावेच लागते. गाडी घडी घालून यंत्रातून जाते, आणि मावली नाही तर हाताने तपासतात. तिच्या खालच्या जाळीतले सामान आधीच काढलेले असले की तिथली झटापट वाचते.

प्रशासनांना करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले काही झालेही आहे. अमेरिकेत 2011 पासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बूट काढावे लागत नव्हते. जुलै 2025 मध्ये ती सक्ती सगळ्यांसाठीच उठली आणि निवडक विमानतळांवर कुटुंबांसाठी वेगळ्या रांगा सुरू झाल्या. अशा रांगेचा लाभ मागच्यांनाही होतो, कारण एका कुटुंबाच्या पसाऱ्यामागे दहा जण खोळंबत नाहीत. बॅगेची त्रिमिती प्रतिमा दाखवणारी सीटी स्कॅन यंत्रे तर लॅपटॉप आणि बाटल्या बाहेर काढण्याची गरजच संपवतात. लंडन सिटी विमानतळाने 2023 मध्ये ती वापरून हा बदल केला. ही यंत्रे महाग आहेत, ती सगळीकडे यायला वेळ लागेल. तपासणीनंतर मुलांना बूट घालायला आणि बाळाची पिशवी पुन्हा भरायला पट्ट्यापासून थोडे दूर एक रुंद बाक, ट्रे ठेवायला बुटके टेबल आणि रांगेच्या तोंडाशी मराठी-हिंदीत लिहिलेला दुधाचा नियम एवढे मात्र मुंबई, पुणे, नागपूर किंवा मोपाच्या विमानतळांना सध्याच्याच यंत्रांसोबतही करता येईल.