एमएस्सी जीवशास्त्र: अर्ज भरण्याआधी
दुसऱ्या वर्षी स्वतःचा संशोधन प्रकल्प करायला मिळतो का, हे आधी विभागात जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. संस्थेच्या नावापेक्षा प्रयोगशाळेत घालवलेले हे महिने पुढे जास्त उपयोगी पडतात.

आयआयटींसाठी ‘जॅम’ परीक्षा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ‘गॅट-बी’, तिथे विद्यावेतनही मिळतं. वन्यजीवांची ओढ असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस.

पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवता येते. २०२३पासून ती पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आहे. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर नेट किंवा सेट. औषध कंपन्यांतली गुणवत्ता तपासणी, क्लिनिकल ट्रायल, बियाणे कंपन्या इथे पीएचडीवाचूनही काम मिळतं. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग मात्र आत्तापासूनच शिका.