घर बांधताना – ९ : भिंतीमागचं पाणी

गेल्या आठवड्यात जोत्याच्या उंचीबद्दल लिहिलं. पण पडघ्याकडे उतारावर ज्यांनी जागा घेतली आहे, त्यांचा प्रश्न जोत्याच्या आधीच सुरू होतो. घराशेजारचं अंगण सपाट करायचं तर खालच्या अंगाला भराव टाकावा लागतो आणि तो अडवायला भिंत लागते. गवंडी सहज विचारतो, ‘नऊ इंची घेऊ ना?’ कंपाउंडला नऊ इंची चालते, मग इथेही चालेल, असं त्याला मनापासून वाटतं.

कंपाउंडच्या भिंतीला स्वतःचं वजन आणि वारा एवढंच सोसायचं असतं. भराव अडवणाऱ्या भिंतीला मात्र माती रात्रंदिवस बाहेर ढकलत असते. एक मीटर उंच भरावाचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीमागे सुमारे तीनशे किलो भरतो. उंची दोन मीटर केली की तो सहाशे होत नाही, बाराशे होतो. आणि भिंत उलथवण्याची त्याची ताकद तर आठपट होते. दोन मीटर उंचीच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं वजन तेवढ्याच लांबीला जेमतेम नऊशे किलो. या रेट्याचा हिशेब शार्ल कूलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७७३ मध्ये मांडला. विजेच्या बलाच्या नियमामुळे आपण शाळेत ज्याचं नाव ऐकतो, तोच हा.

वरचे आकडे कोरड्या मातीचे आहेत. आपल्याकडे जुलैत माती कोरडी कुठली! भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचलं, तर दोन मीटरच्या भिंतीवरचा बाराशे किलोचा रेटा अडीच हजारांच्या पुढे जातो. २ जुलै २०१९ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून खालची झोपलेली घरं गाडली गेली. त्याआधी तीनच दिवस पुण्यात कोंढव्याला भिंत पडून मजुरांच्या झोपड्यांतली पंधरा माणसं गेली होती. या बातम्या वाचल्यापासून उतारावरच्या कुठल्याही भिंतीपाशी गेलो की मी आधी पाणी जायच्या नळ्या शोधतो.

म्हणून भिंत निवडताना पहिला प्रश्न दगड की काँक्रीट हा नाही; पाणी कुठून बाहेर पडणार, हा आहे. तीन-साडेतीन फुटांपर्यंत काळ्या दगडाची भिंत मला सगळ्यात आवडते. डबर इथल्या खाणींतून मिळतो आणि तो रचणारे हातही आहेत. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त हवी, दर्शनी बाजू किंचित आत कललेली हवी, आणि अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड हवा. जागा असेल तर तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन उत्तम, कारण त्यातून पाणी आपोआप झिरपतं. चार फुटांच्या पुढे मात्र अभियंत्याकडून आरसीसीचं डिझाइन करून घ्या. ही भिंत एल आकाराची असते आणि तिचा पाया आत भरावाखाली शिरलेला असतो. वरच्या मातीचंच वजन त्याला दाबून धरतं. उभ्या भिंतीतली मुख्य सळई मातीच्या बाजूला हवी. ती दर्शनी बाजूला बांधली, तर काँक्रीट कितीही चांगलं असो, भिंत तडकणारच. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः जाऊन सळई बघा.

काल्हेर-कशेळीच्या खाडीकडच्या भागात गोष्ट वेगळी. तिथे खाली मऊ चिकणमाती असते, जड भिंत स्वतःच खचते. तिथे मातीची तपासणी केल्याशिवाय उंच भराव टाकूच नका.

आणखी एक आग्रह. शक्य असेल तर एका सहा फुटी भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन पायऱ्या करा आणि मध्ये पुरेसं अंतर सोडा. भिंतीमागे फूटभर रुंद खडीचा थर, त्याच्या मागे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, भिंतीत तळाशी नळ्या. भराव मुरमाचा, थराथराने धुमस करून. शोषखड्डा आणि पाण्याची टाकी भिंतीजवळ अजिबात नको. छपराचं पाणीही तिथे सोडू नका.

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन भिंतीच्या खालच्या बाजूला जा, पण जरा लांबूनच पाहा. नळ्यांतून पाणी वाहत असेल तर भिंत नीट काम करते आहे. पाऊस कोसळतो आहे आणि नळ्या मात्र कोरड्या आहेत, असं दिसलं तर त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.