लाख सह्या झाल्या, आता संसद हलणार?

‘एक लाख सह्या झाल्या की संसदेला चर्चा घ्यावीच लागते. लिंक खाली आहे, पुढे पाठवा.’ कुठलंही प्रकरण तापलं की हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर हजर. भारतात असा नियम नाही. लाखाचा नाही, कोटीचाही नाही.

हा आकडा ब्रिटनचा. तिथल्या संसदेच्या संकेतस्थळावर अर्जाला १० हजार सह्या मिळाल्या की सरकार उत्तर देतं. १ लाख झाल्या की चर्चा घ्यायची का, याचा विचार होतो. विचार; सक्ती तिथेही नाही. २०१९मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर ६० लाखांहून अधिक सह्या पडल्या. सरकारने नकार कळवला, १ एप्रिलला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी ब्रिटन बाहेर पडलाच.

आपल्याकडे लोकसभेची आणि राज्यसभेची स्वतंत्र याचिका समिती आहे. सह्यांची किमान अट नाही, एकट्याचा अर्जही चालतो. मात्र विषय न्यायालयात प्रलंबित नको आणि मागणी नेमकी हवी. खासदारामार्फत सादर करायचा तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. खासगी संकेतस्थळावर गोळा केलेल्या सह्या यातल्या कुठल्याही टेबलावर आपोआप पोचत नाहीत, हे आता किती वेळा सांगायचं?

आणि या समित्या अगदीच नावापुरत्या नाहीत. माजी सैनिकांच्या ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी राज्यसभेच्या याचिका समितीने तपासली आणि २०११च्या अहवालात तिची शिफारस केली. अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झालेले. त्या अहवालातल्या व्याख्येवर सर्वोच्च न्यायालयातही खल झाला. अर्थात शिफारस सरकारला बंधनकारक नसते.

‘मग विधेयकावर तरी जितके ईमेल जास्त तितकं वजन जास्त?’ वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीकडे ९७ लाखांहून अधिक निवेदनं आली, असं तिचाच अहवाल सांगतो. क्यूआर कोड फिरवून तयार मजकूर पाठवण्याच्या मोहिमा दोन्ही बाजूंनी चालल्या. एकच मजकूर लाख वेळा आला तरी मुद्दा एकच राहतो. कुठल्या कलमातला कुठला शब्द बदलावा हे लिहिणारा एक ईमेल माझ्या मते जास्त कामाचा.

बाकीचे गैरसमज झटपट. खासदाराला एक्सवर टॅग केलं म्हणजे सभागृहात नोंद झाली? नाही. संसदेतली लेखी उत्तरं मिळवायला माहिती अधिकार लागतो? नाही, संसदेच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. गावच्या रस्त्यासाठी दिल्लीला लिहावं? तो विषय राज्याचा. महाराष्ट्र विधिमंडळाची विनंती अर्ज समिती त्यासाठीच आहे. मराठीत अर्ज चालत नाही? लोकसभेला चालतो, फक्त सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर सही करावी लागते.