संगणक आपोआप बंद होऊ लागला तर

घरच्या संगणकावर पत्र लिहिण्याचे किंवा हिशेबाचे काम चालू असावे, आणि एकाएकी पडद्यावर सूचना झळकावी की, साठ सेकंदांत हे यंत्र बंद होत आहे, काम जतन करून ठेवा! ११ ऑगस्ट २००३ पासून जगभरच्या असंख्य घरांत हा प्रकार घडू लागला. यंत्र पुन्हा सुरू होई आणि थोड्याच वेळात पुन्हा तीच सूचना येई.

दोष यंत्राचा नव्हता. ‘ब्लास्टर’ नावाचा एक कृमी, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पसरविणारा उपद्रवी प्रोग्रॅम, इंटरनेटवरून संगणकांची दारे ठोठावीत होता. विंडोज प्रणालीतील दूरस्थ आज्ञा स्वीकारणाऱ्या एका सेवेत वैगुण्य होते. १३५ क्रमांकाच्या दारातून तो तिच्यावर आघात करी. सेवा कोसळली की, तिच्यावाचून चालणे अशक्य म्हणून विंडोज स्वतःच यंत्र नव्याने सुरू करी. तेव्हा यंत्राला बोल लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखेच होते.

या वैगुण्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजीच प्रसिद्ध केली होती. परंतु ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहिला. दुरुस्ती उतरवून घेण्यास काही मिनिटे हवीत, आणि हाती सेकंद अवघे साठ!

यातून सुटका करणारी आज्ञा विंडोजमध्येच होती. ‘रन’ची चौकट उघडून ‘शटडाऊन’ हा शब्द, मग मोकळी जागा, आडवी रेघ आणि ‘ए’ हे इंग्रजी अक्षर लिहावे, की उलटी मोजणी थांबे. मात्र ही आज्ञा केवळ मुदत संपण्यापूर्वीच लागू पडते, आणि तिने रोग बरा होत नाही. फक्त उसंत मिळते. त्या उसंतीत प्रथम फायरवॉल चालू करावयाची, नंतर दुरुस्ती बसवावयाची आणि शेवटी आत शिरलेला कृमी काढून टाकावयाचा, हा क्रम महत्त्वाचा. दार उघडे ठेवून घर झाडण्यात काय अर्थ?

फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. न बोलाविता आलेल्यास तो आत सोडीत नाही. विंडोज एक्सपीत तो होता, पण बहुतेक ठिकाणी झोपलेला. २००४ च्या ऑगस्टमधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो आपोआप जागा राहू लागला.

आजही एखादा नवा प्रोग्रॅम बाहेरची जोडणी स्वीकारू लागला, की हा पहारेकरी परवानगी विचारतो. त्या वेळी प्रोग्रॅमचे नाव वाचावे. तो आपणच नुकताच चालू केला असेल आणि त्याला अशा जोडणीची खरोखर गरज असेल, तरच होकार द्यावा. ओळख पटत नसेल तर नकार द्यावा. कटकट नको म्हणून फायरवॉलच बंद करणे सर्वांत घातक. तसेच, ज्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक देऊन ‘त्वरित संपर्क साधा’ असे बजावलेले असते, तो फसवा समजावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत असा क्रमांक कधीच नसतो.

सूचना पाहताच घाबरून बटण दाबणे आणि ती न वाचताच मिटविणे, दोन्ही सारखेच अविचाराचे. आधी वाचावे, मग थांबवावे, आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घालावा.