गाडीच्या पोटाखाली कधी डोकावलात का?

गॅसची नळी, कुकरची रिंग, इस्त्रीची वायर यांच्याकडे आपलं बारीक लक्ष असतं. पण दारातली गाडी? ते ‘ह्यांचं’ खातं, असं म्हणून बऱ्याचजणी मोकळ्या होतात. त्याच गाडीत मागे मुलं आणि सासूबाई बसतात, आणि हल्ली पुष्कळदा चालवणाऱ्याही आपणच असतो! गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली असेल, तर तिच्या ब्रेकच्या नळ्या एकदा पाहायलाच हव्यात.

ही नळी करते काय?

पेडल दाबलं की बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबलं जातं आणि तो दाब बारीक पोलादी नळ्यांतून चाकांपर्यंत पोचतो. बहुतेक गाड्यांत ही नळी ४.७५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक असते. आतला दाब मात्र कुकरमधल्या दाबाच्या कितीतरी पट! गंजाने नळी पातळ झाली, की नेमकी जोरात ब्रेक मारताना ती फुटते. म्हणजे गरज असते तेव्हाच!

कोकणातली, मुंबईची खारी हवा खिडकीच्या गजांना खाते, तशीच या नळ्यांनाही. पावसाळ्यातला चिखल क्लिपांच्या मागे अडकतो आणि ओल तिथेच राहते. बर्फाच्या देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तिकडे हा त्रास फार. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने २०१५ साली लोकांना सल्लाच दिला होता, की हिवाळ्यात गाडीचं पोट धुवा आणि जुन्या गाडीच्या नळ्या तपासून घ्या. परदेशी असलेल्या लेकी-सुनांनाही हे जरूर कळवा.

खुणा ओळखा

- ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसणं. ब्रेकचे पॅड झिजले तरी ती हळूहळू उतरते. पण भरून पुन्हा उतरली, तर गळती शोधायलाच हवी.
- चाकाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीखाली तेलकट ओल.
- पेडल मऊ लागणं, किंवा दाबून धरल्यावर सावकाश खाली जाणं.
- हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा लाल दिवा न विझणं.

यातलं काही दिसलं, तर “गॅरेजपर्यंत तर जाईल की!” हे ऐकून घेऊ नका. गाडी जागेवरच ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

ठिगळ नको

नळीवर नुसता तपकिरी रंग चढला असेल, तर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासून पाहा. खाली गुळगुळीत धातू लागला, तर स्वच्छ पुसून ग्रीसचा हात द्या. पापुद्रे निघाले, खड्डे दिसले, तर नळी बदलायची. एम-सील, डाग देणं, टेप गुंडाळणं, मधला तुकडा कापून जोड लावणं, यांतलं काहीही चालत नाही. चिरलेल्या गॅसच्या नळीला आपण चिकटपट्टी लावतो का? तसंच हे. साधी तांब्याची नळीही नको. तांबं-निकेलची ब्रेकसाठीच बनवलेली नळी मिळते. ती गंजत नाही आणि वळवायलाही सोपी.

घरी करायचं असेल तर

काही घरांतून हे काम हौसेने होतं. हात बसलेला असेल तरच करावं, आणि नियम पाळून. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून, मजबूत लोखंडी स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही शिरू देऊ नका, एक मिनिटसुद्धा!

जुनी नळी अख्खी काढली की नमुना मिळतो. वळणावळणांनी सुतळी फिरवून लांबी मोजा. दोन्ही तोंडं जुन्यासारखीच घडवलेली हवीत. तुमच्या मॉडेलची तयार नळी मिळाली तर उत्तमच. नवी नळी सगळ्या क्लिपांत बसवा. ती सायलेन्सरला किंवा हलणाऱ्या भागाला टेकता कामा नये.

मग हवा काढायची. याला दोघं लागतात: एक पेडलवर, दुसरा चाकाच्या निपलपाशी. “दाब” म्हटलं की दाबायचं, निपल पुन्हा बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. मधूनमधून टाकीत ऑइल भरत राहायचं. शेवटी इंजिन चालू करून पेडल जोरात दाबा आणि प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहा. जाणत्या मेकॅनिकची नजर फिरल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

ऑइलचं थोडंसं

पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तसं ब्रेक ऑइलही हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि मग नळी आतूनही गंजू लागते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावं. झाकणावर जो डॉट क्रमांक असेल तोच घ्यावा, आणि सीलबंद डबा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. हे विषारी असतं. सरबताच्या बाटलीत चुकूनही ठेवू नका.

वाटेत ब्रेक गेला तर

पेडल भराभर दाबत राहा, गिअर खालचा टाका आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. किल्ली मात्र काढू नका, स्टिअरिंग अडकेल.

खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करताना आरटीओत तपासणी होते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. पण गंज काही पाच वर्षं थांबत नाही. दिवाळीची साफसफाई निघेल तेव्हा, पाऊस संपलेला असतो, मेकॅनिककडून नळ्या तपासून घ्या. आणि गॅस सिलिंडरची तारीख जिथे लिहिता, त्याच डायरीत ब्रेक ऑइल बदलल्याची तारीखही टिपून ठेवा.